घर आहे तसं राहू दे

माझी मुलगी डिझाइनच्या कॉलेजात जायला लागली आणि आमच्या घरातली एकेक वस्तू आरोपी झाली.

पहिल्या वर्षी मजा वाटायची. तेव्हाचं प्रोजेक्ट विटांचं होतं. सिमेंट नाही, भट्टी नाही, नुसत्या उन्हात वाळवलेल्या विटा करायच्या. माती आणली, चुना आणला, बिद्रीच्या साखर कारखान्याकडच्या पाहुण्यांना फोन करून उसाचा भुसा मागवला आणि वर माझ्या डब्यातला गूळ. माझी चांगली परात उचलून गच्चीवर नेली. मी म्हटलं, "अगं, भाकरीची परात हाय ती!" तर म्हणते, "आई, भाकरी तरी कशातनं येती? मातीतनंच की." असली उत्तरं द्यायला बहुतेक कॉलेजातच शिकवत असावेत. चिखल पायानं तुडवायचा होता आणि ते तिला काही जमेना, म्हणून मीच साडी वर खोचून उभी राहिले. गुळाच्या वासाला मुंग्या आल्या. शेजारच्या वहिनी त्यांच्या गच्चीवरून ओरडल्या, "काय वैनी, माडी चढवायला काढली व्हय?" विटा मात्र झकास झाल्या आणि लेकीला मार्कही चांगले पडले.

दुसऱ्या वर्षापासून सगळं बदललं. पुठ्ठ्याचं एक घर करून आणलं. पांढरंशुभ्र. आत एक बाक, एक खिडकी, बाकी काही म्हणजे काही नाही.

"ह्यात झोपायचं कुठं?"

"तिथंच, खाली. सकाळी गादी गुंडाळून ठेवायची."

"आणि वर्षाचा गहू?"

"लागंल तेवढाच आणायचा."

"पावणं आलं तर?"

"आई, तू ना, मुद्दाच सोडून बोलतीस." तिनं ते घर उचललं आणि कपाटावर ठेवलं. मिनिमलिझम हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. थोडक्यात राहायचं, लागेल तेवढंच ठेवायचं, उरलेलं घराबाहेर. चांगलंच आहे की! पण हे सांगताना तिची नजर माझ्या शोकेसवर होती.

मग रोजचं सुरू झालं. श्रीखंडाचा रिकामा डबा हातात धरून उभी राहायची आणि विचारायची, "हा शेवटचा कधी लागला होता?" धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, साड्यांची खोकी, बारशा-लग्नांत आलेले ब्लाउजपीस, नावं घातलेली स्टीलची भांडी, एकात एक बसवलेल्या बादल्या. एकदा मी भडकलेच. म्हटलं, "तुझ्या सासूच्या घरात जाऊन विचार हे, मग बघू किती दिवस टिकतीस!" ती हसत सुटली. मला हसू येत नव्हतं. पोटच्या पोरीसमोर स्वतःच्या घराची लाज वाटायला लागणं ही काही हसायची गोष्ट नाही.

मी अशी नव्हते, हे तिला सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं तर पुरापासून सांगावं लागलं असतं.

आमचं घर शाहूपुरीत, नाल्याच्या अंगाला. नदी फुगली की नाल्याचं पाणी मागं फिरतं आणि गल्लीत शिरतं. दरवर्षी उंबऱ्याशी येऊन जायचं, आम्ही चार वस्तू माळ्यावर टाकायचो आणि गप्पा मारत बसायचो. त्या वर्षी पाणी पंख्याला लागलं. आम्ही ह्यांच्या मित्राकडं राहायला गेलतो, नेसत्या कपड्यांनिशी. परत आलो तेव्हा घरात घोट्याच्या वर गाळ होता. गाद्या, कपाट, टीव्ही, फुगलेली गव्हाची पोती, लग्नातला अल्बम, पोरीची पुस्तकं, सगळं आम्हीच हातानं ओढून रस्त्यावर टाकलं. गल्लीतल्या प्रत्येक दारापुढं तसाच ढीग. बाहेरून आलेले लोक मोबाईलवर फोटो काढत होते. घर एकदा असंही रिकामं झालेलं मी बघितलंय, आणि तेव्हा त्याला कुणी चांगलं नाव दिलं नव्हतं.

मग मदतीचे ट्रक यायला लागले. ह्यांचं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे, तेही बुडालं होतं. पण ह्यांचा ताठा बुडाला नव्हता. त्याच्या आधीच्या पुरात ह्यांनी मित्रांबरोबर भाकऱ्या गोळा करून गावोगाव वाटल्या होत्या. मला म्हणाले, "आपण देणारी माणसं हाय. कुणाम्होरं हात पसरायचा न्हाई." बोलायला काय जातंय? भिंतींना ओल, फरशीला ओल, पोरगी रात्रभर कुडकुडायची. एके दुपारी हे दुकानातला गाळ काढायला गेले आणि मी डोक्यावरून पदर ओढून रांगेत उभी राहिले. ट्रकवरच्या मुलानं विचारलं, "ताई, घरात माणसं किती?" आयुष्यात कुणाला उत्तर द्यायला मला इतकं जड गेलं नव्हतं. त्यानं ब्लँकेटं हातावर ठेवली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

घरात सांगितलं, आजऱ्याच्या बहिणीनं पाठवली. ब्लँकेटाच्या कोपऱ्यावर निळ्या शाईचा शिक्का होता, 'पूरग्रस्त बांधवांसाठी'. लिंबू चोळलं, सोडा चोळला, ब्रशनं घासलं. शाई फिकी झाली पण अक्षरं काही जाईनात. मग मी तो कोपरा आत दुमडून टाका मारला. हे त्याच ब्लँकेटात झोपायचे आणि बहिणीचं कौतुक करायचे. हिवाळा संपल्यावर ती मी नव्या पलंगाच्या पेटीत तळाला घातली आणि पुन्हा बाहेर काढली नाहीत. टाकून द्यावीत तर कुठं टाकणार? ज्यानं आपल्याला ऊब दिली ते जाळायचं कसं? आणि कुणाला द्यावीत तर तो शिक्का वाचणारच की. त्यानंतर माझ्यानं साधी बरणी टाकवेना. हातात घेतली की वाटायचं, राहू दे, पुन्हा मागायची पाळी नको.

तर शेवटच्या वर्षाचं मोठं प्रोजेक्ट आलं. राहतं घर घ्यायचं, आहे तसं मोजायचं, त्याचे फोटो काढायचे, आणि मग तेच घर कमी सामानात, कमी खर्चाच्या आणि निसर्गाला न जाचणाऱ्या वस्तूंत कसं बसेल ते दाखवायचं. लेकीनं आमचंच घर घेतलं. मी म्हटलं, जगात दुसरं घर मिळालं नाही का तुला? हे म्हणाले, "घेऊ दे की, आपल्या घराला काय धाड भरलीय?" महिनाभर ती टेप घेऊन घरभर फिरत होती. मी माहेरी लग्नाला गेले तेव्हाही ती घर मोजायचंय म्हणून मागं राहिली.

एक दिवस म्हणाली, "आई, शनिवारी मॅडम आणि सर येणारायत साइट बघायला. ह्याच्यावरच पास-नापास हाय. घर आहे तसं राहू दे. काही म्हणजे काही हलवायचं न्हाई. कळलं?"

"कळलं की."

कळलं होतंच. पण तुम्हीच सांगा, घरी पावणं येणार, तेही पोरीचे सर, आणि पसारा तसाच पुढ्यात मांडून ठेवायचा? हे कुठलं शास्त्र? शनिवारी ती सरांना आणायला कॉलेजात गेली आणि तिची गाडी गल्लीच्या तोंडाला वळायच्या आत मी पदर खोचला. शेजारच्या वहिनींची वरची खोली भाडेकरू गेल्यापासून रिकामीच होती. त्या तर तयारच. दोघींनी मिळून डबे, खोकी, बादल्या, भांडी, शोकेसमधल्या बाहुल्या, सगळं जिना चढवून वर नेलं. पलंगाची पेटी तर मी आधी रिकामी केली. म्हटलं, कुणी चुकून झाकण उचललं तर? त्यातलं सगळं एका चादरीत बांधलं आणि ते गाठोडं वहिनींच्या हाती न देता स्वतः नेलं. फरशी पुसली, नवा टेबलक्लॉथ घातला, उदबत्ती लावली. घर कसं लखलखीत! मनात आलं, हेच पाहिजे होतं ना हिला? बघ म्हणावं, आईला पण येतंय.

लेक दारात आली आणि तिथंच थबकली. तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मला दिसला, पण मला वाटलं, आनंदानं असेल. मागून मॅडम आल्या, त्यांच्या मागून सर. मी म्हटलं, "या, या, बसा की. उन्हातनं आलाय." पोहे पुढं केले.

सरांनी बशी बाजूला ठेवली आणि लेकीच्या शीट उलगडल्या. एकदा कागदाकडं बघायचे, एकदा खोलीकडं. "हे फोटो याच घराचे आहेत?"

"हो सर."

"मग यातलं सामान कुठं आहे? इथं तर काहीच नाही."

लेकीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मॅडम हळूच म्हणाल्या, "अगं, सांग ना काय झालं ते." तरी गप्प. सर म्हणाले, "मागं एकानं दुसऱ्याच घराचे फोटो लावले होते. साइट जुळत नसेल तर मला हे प्रोजेक्ट धरता येणार नाही. सॉरी." आणि पलंगाची फळी उचलून म्हणाले, "ही पेटी बघा. रिकामी. आणि शीटवर?" त्यांनी कागद माझ्या बाजूला फिरवला. मधोमध मोठा फोटो होता. पेटीतली ब्लँकेटं, टाका उसवलेला, कोपरा बाहेर आणि फिकट निळी अक्षरं.

माझ्या पोरीनं पेटी उघडली होती. मी लग्नाला गेले होते तेव्हा उघडली होती आणि मला एका शब्दानं बोलली नव्हती.

मान वर करवेना. एक मन म्हणालं, गप बस, सरांना काय कळतंय. पण पोरीचं वर्ष जात होतं आणि ती माझं नाव सांगायला तयार नव्हती. म्हणून बोलले. "सर, तिची चूक न्हाई. मीच हलवलं. पावणं येणार म्हणून. सगळं वर हाय, चला दाखवते."

मी पुढं, ते मागं, अशी आमची वरात वहिनींच्या जिन्यावरून निघाली. वहिनीही आल्याच. त्या खोलीत माझा सगळा संसार पोतं ओतल्यासारखा पडलेला होता. सर शीट धरून एकेक वस्तू जुळवत होते. डबे, बादल्या, खोकी. मग म्हणाले, "आणि ती ब्लँकेट्स?"

मी गाठोडं सोडलं. गाठ मीच मारलेली, पण सुटता सुटेना. शेवटी दातानं सोडली. शिक्का वर आला. मॅडमनी विचारलं, "इथं पूर आला होता का?"

"आला की!" वहिनींचा आवाज गल्लीपर्यंत गेला असेल. "पंख्यापतूर पाणी हुतं. ती मदतीची हायत ब्लँकेटं, ट्रकनं आलती. आमच्यात न्हाई बाई घेतलं काही. आमच्या ह्यांना न्हाई खपत तसलं."

आता काय म्हणायचं ह्या बाईला! रांगेत त्या माझ्या पुढंच होत्या. त्यांनीही माझ्यासारखाच पदर ओढला होता. जीभ अगदी टोकाशी आली होती, पण त्यांच्याच खोलीत उभी राहून काय बोलणार? मी ब्लँकेटाची घडी घालत राहिले. सर म्हणाले, "ठीक आहे, साइट हीच आहे," आणि खाली उतरले. मॅडम जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. तो हात मला नको होता.

संध्याकाळी लेक माझ्याशेजारी भाजी निवडायला बसली. एक जुडी निवडून झाली. शेवटी मलाच राहवेना.

"कळलं तुला, तर मला विचारायचंस तरी."

"आई, मला तवाच ठाऊक होतं."

"कवा?"

"शाळेत असताना. सगळ्या पोरींकडं तसलीच होती की. कोण म्हणायची मामानं दिली, कोण म्हणायची आत्यानं दिली. मी सांगायची, आजऱ्याच्या मावशीनं पाठवली."

मेथीची जुडी तशीच हातात राहिली. मला वाटत होतं, मी पोरीला थंडीपासून वाचवलं. मी तिला खोटं बोलायला शिकवलं होतं, आणि तिनं ते निमूटपणे माझ्यासाठी इतकी वर्षं सांभाळलं होतं.

मग तिनं मला तिचं प्रोजेक्ट पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. माझे डबे फेकायचे असं त्यात कुठंच नव्हतं. खालची कपाटं लाकडाची नकोत, कडाप्प्याची करायची, पाणी येऊन गेलं की धुऊन घ्यायची. गहू, कागद, अंथरुणं ठेवायला पुराच्या खुणेच्या वर खोलीभर फिरणारी फळी. विटा त्याच, उसाच्या भुशाच्या, पण पाण्याच्या रेषेच्या वर. "लोक म्हणतात सामान कमी करा," ती म्हणाली, "पण तुझ्यासारखी बाई सामान का धरून ठेवती, हे कोण विचारतच न्हाई. ज्या घराला पुन्हा बुडायची भीती न्हाई, त्यालाच कमी सामानात राहता येतंय. तो फोटो म्हणून मधी हाय, आई. सगळं त्याच्यावर उभं हाय."

मला भरून आलं. खरंच आलं. आणि तोंडातून निघालं, "प्रदर्शन हाय न्हवं का ह्याचं? तुझे पप्पा येणार. गल्लीतली माणसं येणार."

"व्हय."

"मग तो फोटो नको लावू."

ती माझ्याकडं बघत राहिली. "तो काढला तर माझं म्हणणंच उरत न्हाई गं."

"ह्यांना अजून ठाऊक न्हाई. ह्यांना काय वाटंल? नको बाई. माझ्यानं बघवायचं न्हाई."

मला वाटलं होतं, भांडेल. आदळआपट करेल. पूर्वी श्रीखंडाच्या डब्यावरून तासभर वाद घालायची ही पोरगी. ती फक्त म्हणाली, "बरं. न्हाई लावत." आणि निवडलेली मेथी चाळणीत घेऊन उठली. तेव्हाच हाक मारून सांगायला पाहिजे होतं, लाव म्हणून. पुढचे कितीतरी दिवस रोज सांगायचं ठरवत होते. ती बोर्ड चिकटवत बसलेली असायची, मी चहा ठेवायचे आणि परत यायचे.

प्रदर्शनाला हे इस्त्रीचा शर्ट घालून आले. दुकानातली माणसं आणली, वहिनींनाही रिक्षात घेतलं. हॉलमध्ये सगळ्या मुलांची कामं लावलेली होती. आमच्या लेकीच्या बोर्डावर कडेनं सगळे फोटो होते, नकाशे होते, कडाप्प्याची कपाटं, वरची फळी. मधोमध मात्र मोठा पांढरा चौकोन. काहीच नाही. दुसरं काहीतरी लावून तिला तो भरता आला असता. तिनं भरला नव्हता.

"मधी का गं मोकळं?" ह्यांनी विचारलं.

"असंच, पप्पा."

पुण्याहून आलेले प्रमुख पाहुणे एकेक बोर्ड बघत आमच्यापर्यंत आले. आमच्या घराला ते आले नव्हते, त्यांना काही माहीत नव्हतं. ते दोन पावलं मागं सरकले, चष्मा सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाकीचं काम चांगलं आहेच. पण ही मधली जागा रिकामी ठेवायचं धाडस मला जास्त आवडलं. या वयात मुलं मिळेल ते भरत सुटतात. हिला काय सोडायचं ते कळलंय. याला म्हणतात मिनिमलिझम."

ह्यांनी मला कोपरानं ढोसलं. "ऐकलंस का? काय म्हणत्यात बघ सर!" मॅडम माझ्याकडं बघत होत्या. माझी नजर गेली तशी त्यांनी मान फिरवली. लेकीनं हात जोडले आणि म्हणाली, "थँक्यू सर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे बघत होते, वहिनी बघत होत्या, म्हणून मीही वाजवल्या.